‘कुणाची ओळख आहे का?’ : आपल्या खोऱ्यातील ओळखींचा इतिहास

मेळाव्यासाठी आपल्या तुकडीची यादी करण्याचे काम समितीने माझ्यावर सोपवले, तेव्हा ते आठवड्याभरात संपेल असे वाटले होते. शाळेने जुना हजेरीपट काढून दिला. १९८३ च्या दहावीची सगळी नावे मी वहीत उतरवून घेतली आणि एकेका नावापुढे फोन नंबर लिहायला लागलो. पहिल्या चार दिवसांत बहुतेक नंबर मिळाले. एकाने दुसऱ्याचा दिला, दुसऱ्याने त्याच्या मेहुण्याकडून तिसऱ्याचा मिळवला. मग काम अडले. अकरा नावे उरली आणि त्यांच्यापुढची जागा कोरीच राहिली.

ती अकरा नावे मी एका संध्याकाळी पुन्हा वाचली, तेव्हा मनात चर्र झाले. त्यातली सात नावे मुलींची होती आणि चार कातकरवाडीतल्या मुलांची. गावठाणातल्या, गिरणीत वडील असलेल्या किंवा घरचे दुकान असलेल्या मुलांपैकी एकही नाव हरवलेले नव्हते. चाळीस वर्षांत कोण आपल्या ओळखीत राहिले आणि कोण ओळखीबाहेर गेले, याचा आलेखच त्या वहीत उमटला होता.

मी इतिहासाचा विद्यार्थी. आपल्या बाईंनी लावलेली ही खोड अजून सुटलेली नाही. म्हणून स्मरणिकेसाठी आठवणींचा लेख लिहिण्याऐवजी ‘ओळख’ या गोष्टीचाच थोडा इतिहास लिहावा असे ठरवले. आपल्या कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात माणसांना काम कसे मिळाले, अडचणीला कोण धावले, आणि ओळखीचे हे जाळे कुणापर्यंत पोहोचलेच नाही, हे पाहायचे आहे.

सावड, घाट आणि मुकादम

आपल्या आजोबांच्या काळात ओळखीला वेगळे नाव नव्हते. भावकी, गावकी आणि सोयरीक हीच ती ओळख. लावणीच्या दिवसांत पाऊस कुणासाठी थांबत नाही, म्हणून सावड होती. आज तुझ्या खाचरात दहा माणसे, उद्या माझ्या खाचरात तीच दहा. पैसा हातात येत नसे, पण कुणाकडे किती दिवस गेलो आणि कोण आपल्याकडे किती दिवस आला, हे प्रत्येकाला तोंडपाठ असे. ओळखीचा पहिला नियम या सावडीतच आहे. जो देत नाही, त्याला फार काळ मिळत नाही. ज्याच्याकडे द्यायला शेतच नाही, तो मुळात सावडीत धरलाच जात नाही. हा दुसरा नियम कुणी तोंडाने सांगत नसे, पण पाळत सगळे.

बाहेरच्या जगाचे काम आपल्या दारात आले ते रेल्वेमुळे. मुंबई-ठाणे गाडी १८५३ मध्ये धावली आणि तीनच वर्षांत, १८५६ मध्ये, रूळ खोपोलीला पोहोचले. पुढे बोरघाट होता. काही वर्षे प्रवासी खोपोलीला उतरून पालखीने किंवा तट्टावरून खंडाळ्याला चढत आणि तिथून पुण्याची गाडी धरत. घाटातला मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. त्याचे काम भरात असताना एका वेळी चाळीस हजारांवर माणसे तिथे राबत होती. एवढी माणसे जमवणार कोण? साहेबाला भाषा येत नव्हती, गावे माहीत नव्हती. ते काम मुकादमाने केले. मुकादम आपल्या ओळखीच्या गावांतून टोळी आणी, तिला उचल देई, कामावर उभी करी आणि मजुरीही त्याच्याच हातून वाटली जाई. भावकीतली ओळख कामधंद्याच्या बाजारात उतरली ती अशी. पुढची शंभर वर्षे ती त्याच वाटेने चालली.

गिरणीचे दार

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि दोन वर्षांत सूत काढू लागली. पुढे लालबाग, परळ, वरळीपर्यंत गिरणगाव पसरले. या गिरण्यांत नोकरीसाठी अर्ज करण्याची पद्धत फार उशिरापर्यंत नव्हती. सकाळी दारावर उभे राहायचे आणि जॉबर ज्याच्याकडे बोट दाखवील त्याने आत जायचे. जॉबर हा गिरणीतला मुकादमच. त्याच्या हाती भरती होती, बदलीचे काम देणे होते आणि काढून टाकणेही होते. साहजिकच तो आपल्या गावचा, आपल्या जातीचा, आपल्या चाळीतला माणूस आधी घेई. त्या बदल्यात दस्तुरी घेई, कधी व्याजाने पैसेही देई. १९३१ मध्ये व्हिटली आयोगाने मजुरांच्या स्थितीवर अहवाल दिला, त्यात जॉबरच्या या लाचखोरीवर बोट ठेवलेले आहे. १९३५ मध्ये गिरणी मालकांच्या संघाने बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत सुरू केली. जॉबरची पकड सैल व्हावी हा त्यामागचा एक हेतू होता. पकड सैल झाली, पण ‘कुणाची ओळख आहे का?’ हा प्रश्न काही गेला नाही.

इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी गिरणगावाचा जो अभ्यास केला, त्यात एक गोष्ट फार चांगली दाखवली आहे. गावची नाती शहरात आली ती केवळ जुनी सवय म्हणून टिकली, असे नाही. शहरात काम आज आहे, उद्या नाही. आजारपणाला रजा नाही, म्हातारपणाला आधार नाही. अशा वेळी गाव आणि गाववाले हाच कामगाराचा विमा होता. एकाच गावचे पंधरा-वीस जण एका खोलीत राहायचे. दिवसपाळीचे झोपायला आले की रात्रपाळीचे बाहेर पडायचे. नवा मुलगा गावाहून आला की त्याची वळकटी त्याच खोलीत पडायची. काम लागेपर्यंत त्याचे खाणे बाकीचे बघायचे, आणि काम लागले की पुढच्या मुलाचे त्याने बघायचे. सावडच ती, फक्त खाचर बदलले.

या जाळ्यातल्या बायका कुणी मोजल्या नाहीत. खोलीवरच्या गड्यांना दोन वेळा जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका गिरणगावात हजारोंनी होत्या. वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज यांत त्या पिचून जात. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. एकटीला बँक दारात उभी करत नव्हती. गटाने एकमेकींचा जामीन घेतला आणि राष्ट्रीयीकृत बँकेने कर्ज दिले. त्यांच्याजवळ तारण म्हणून घर, जमीन, सोने काही नव्हते. एकमेकींची ओळख हेच त्यांचे तारण होते.

१८ जानेवारी १९८२ हा दिवस आपल्यापैकी अनेकांच्या घरात कोरला गेला आहे. आपण तेव्हा नववीत होतो. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. माझे वडील वळकटी घेऊन घरी आले ते ‘महिन्याभरात मिटेल’ असे म्हणतच. आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांचे वडील त्या वर्षी अचानक घरी दिसू लागले होते, आठवते ना? इतका मोठा संप इतके महिने तग धरून राहिला, त्यामागे गावचे भात होते. ज्यांना गाव होते ते गावी आले, ज्यांना नव्हते ते शहरात उपाशी राहिले. आणि संप मोडला तेव्हा नुसत्या नोकऱ्या गेल्या नाहीत. मुलाला ‘आत लावून देणारा’ बाप, काका, गाववाला यांची एक साखळीच तुटली. आपली पिढी त्या साखळीच्या तुटक्या टोकाला उभी होती.

वीज, मनोरे आणि धान्याची कोठी

नोकरीपलीकडेही ओळखीचा उपयोग असतो. याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच डोंगरांत घडले आहे.

खोपोलीचे टाटांचे वीजघर १९१५ मध्ये सुरू झाले. लोणावळ्याच्या वरच्या धरणांचे पाणी नळांतून खाली यायचे, वीज तयार व्हायची आणि तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना जायची. वीजघरातून सुटलेले पाणी पाताळगंगेत येते, म्हणून आपली नदी उन्हाळ्यातही वाहते. म्हणजे ज्या गिरणीत आपले वडील होते, तिचे माग आपल्या गावावरून जाणाऱ्या पाण्यावर फिरत होते. शाळेत असताना हे कुणाच्या लक्षातही आले नव्हते.

१९४२ च्या आंदोलनात या विजेच्या मनोऱ्यांवर घाव पडले. ते घालणारे भाई कोतवाल, म्हणजे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. जन्म १९१२, माथेरानच्या एका नाभिक कुटुंबातला. शिकून वकील झाले, माथेरान नगरपालिकेत निवडून आले. त्यांच्या ‘आझाद दस्त्या’ने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले आणि काही काळ गिरण्यांचा वीजपुरवठा अडखळला. पोलीस मागावर असताना हा दस्ता डोंगरात महिनोन्‌महिने राहिला. भाकरी कुठून येत होती? वाटा कोण दाखवत होते? पोलीस कुठवर आले हे कोण सांगत होते?

त्याचे उत्तर १९४२ च्या आधीच्या वर्षांत आहे. भाईंनी माथेरानच्या पायथ्याच्या गावांत शाळा सुरू केल्या होत्या आणि शेतकऱ्यांसाठी धान्याच्या कोठ्या काढल्या होत्या. सुगीला प्रत्येकाने थोडे धान्य घालायचे आणि पावसाळ्यात घरातले संपले की तिथून न्यायचे. सावकाराच्या दीडीदुपटीतून सुटण्याचा तो मार्ग होता. ज्या घरांनी कोठीचे धान्य खाल्ले होते, त्यांना भाई कोण हे सांगावे लागले नाही. ओळख आधी जोडलेली होती, लढ्याच्या वेळी ती कामी आली. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडावर पोलिसांनी दस्त्याला गाठले आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना वीरमरण आले. पण धान्य साठवण्याची ती कल्पना मेली नाही. पुढे कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने कर्जतच्या आदिवासी वाड्यापाड्यांत धान्य बँका चालवल्या.

खोपोली लोकलमधला नमस्कार

आता माझी गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचे नीट समजणार नाही.

१९८५ मध्ये मी कर्जतला टायपिंगच्या क्लासला जात होतो. खोपोली-कर्जत गाडीत एक गृहस्थ रोज त्याच डब्यात चढत. नाव माहीत नव्हते. रोजचा नमस्कार, कधी पेपरचे पान मागणे, एवढाच संबंध. एक दिवस त्यांनी विचारले, “टायपिंग कुठवर आलं?” मी सांगितले. ते म्हणाले, “आमच्या टाइम ऑफिसात एक जागा होतेय. सोमवारी अर्ज घेऊन ये.” खोपोलीतल्या एका कारखान्यातली ती जागा मला मिळाली. माझ्या सख्ख्या मामांनी, आत्याच्या यजमानांनी दोन वर्षे खटपट केली होती, पण काही जमले नव्हते. काम झाले ते नाव माहीत नसलेल्या माणसाकडून.

पुष्कळ वर्षांनी कळले की हा अनुभव जगभराचा आहे. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन या गावातल्या २८२ नोकरदार पुरुषांचा अभ्यास केला. निम्म्याहून अधिक जणांना नोकरी ओळखीतून लागली होती. त्यांपैकी ५४ जणांना ग्रॅनोव्हेटरांनी विचारले की, ज्याने नोकरीची खबर दिली तो तुम्हाला त्या काळात किती वेळा भेटत असे? वरचेवर भेटणारे निघाले १६.७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के आणि क्वचित भेटणारे २७.८ टक्के. १९७३ च्या लेखात त्यांनी याचे कारण दिले. जवळची माणसे आपल्यासारखीच असतात, एकाच चावडीवर बसतात, म्हणून त्यांना जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊक असते. लांबच्या ओळखीचा माणूस दुसऱ्या चावडीवर बसतो, नवी खबर त्याच्याकडून येते. २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या दोन कोटी लोकांच्या माहितीवरून ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यातही फार घट्ट ओळखींपेक्षा मध्यम पातळ ओळखी नोकरी मिळवून देण्यात जास्त उपयोगी पडतात असेच दिसले.

मामांबद्दल मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. नोकरी त्यांनी दिली नाही, पण वडील घरी बसलेले असताना क्लासची फी त्यांनीच भरली. खबर लांबचा देतो, पण तोवर तगवून धरतो तो जवळचाच. दोघेही लागतात.

आता गोष्टीचा उरलेला भाग. त्याच क्लासला आपल्या वर्गातली एक मुलगी येत होती. दहावीला तिला माझ्यापेक्षा जास्त गुण होते आणि टायपिंगचा वेगही माझ्याहून चांगला होता. ती बायकांच्या डब्यात बसायची. एकदा क्लासच्या जिन्यावर तिने मला विचारले होते, “कुठे जागा असेल तर सांगशील?” मी हो म्हटले होते. पुढच्याच वर्षी त्याच ऑफिसात दुसरी जागा निघाली. मी ती माझ्या एका मित्राला सांगितली. तिची आठवणसुद्धा झाली नाही. मुद्दाम डावलले असते तर निदान काही कारण तरी देता आले असते. ती माझ्या ‘सांगण्याच्या’ माणसांत नव्हतीच, इतकेच. रिकाम्या अकरा नावांतले एक नाव तिचे होते.

ज्यांना जाळे नव्हते, ज्यांना जाळ्याने बांधले

कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या दोन अर्थशास्त्रज्ञांनी दादरमधल्या शाळांचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. १९८२ ते २००१ या वीस वर्षांत पहिलीत दाखल झालेल्या मराठी घरांतल्या मुलामुलींची माहिती त्यांनी गोळा केली. या काळात मुंबईत इंग्रजी येणाऱ्याच्या पगारात मोठी वाढ होत होती. तरी कष्टकरी जातींतल्या घरांनी मुलांना जुन्याच वाटेने पाठवले, कारण त्या जातींचे जाळे मुलग्यांना कारखान्यातले, कष्टाचे काम लावून देत होते. हाताशी असलेली वाट सोडवत नव्हती. त्याच घरांतल्या मुलींना मात्र असे कुठलेच जाळे नव्हते. तिला कुणी ‘आत लावून’ देणार नव्हते. म्हणून तिला इंग्रजी शाळेत घालायला हरकत नव्हती, आणि त्या मुलींनी वरच्या जातींच्या मुलींशी असलेले अंतर भरून काढायला सुरुवात केली.

मराठी शाळेला कमी लेखण्यासाठी मी हे सांगत नाही. आपण सगळे तिथलेच. पण यातला धडा मोठा आहे. ओळख माणसाला वर ओढते, आणि तीच त्याला जागच्या जागी बांधूनही ठेवते. गिरणीतल्या बापाने मुलाला गिरणीच दाखवली, दुसरे दार दाखवायला त्याच्याकडे नव्हते.

बांधून ठेवणाऱ्या ओळखीचे सगळ्यात कडक रूप आपल्या शेजारच्या वाडीत होते. कातकरी समाज पूर्वी खैरापासून कात काढायचा, पुढे कोळशाच्या भट्ट्यांवर आणि मग वीटभट्ट्यांवर गेला. पावसाळ्यात घरात दाणा नसताना मुकादम येतो, उचल देतो. दिवाळी झाली की सारे कुटुंब भट्टीवर जाते ते पावसाच्या तोंडावर परतते. मजुरीतून उचल फिटत नाही, उरलेली पुढच्या वर्षावर जाते. वेठबिगारी मोडणारा कायदा १९७६ चा आहे, म्हणजे आपण प्राथमिक शाळेत असतानाचा. पण दिवाळीच्या सुटीनंतर वर्गातले ते चार बाक रिकामे असायचे, हे तुम्हाला आठवत असेल. आपण म्हणायचो, “त्यांना शाळेची गोडी नाही.” वाडीतल्या मुलाची बाहेरच्या जगातली एकच ओळख होती, ती म्हणजे मुकादम. दुसरी ओळख त्याला आपण देऊ शकलो असतो. आपण एकाच वर्गात बसत होतो.

इर्शाळवाडी

१९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीचा रस्ता नव्हता. अंधारात, पावसात, चिखलातून डोंगर चढून माणसे वर गेली. सरकारी पथके होतीच, पण आसपासच्या गावांतले तरुण आणि खोपोलीच्या ‘यशवंती हायकर्स’सारखे वाटा पायाखालच्या असणारे गिर्यारोहकही मदतीला होते. रात्री फोन लावल्यावर निघतील अशी माणसे तयार असणे ही एका रात्रीत होणारी गोष्ट नव्हे. वर्षानुवर्षे एकत्र डोंगर चढल्याशिवाय ती होत नाही. शोधकार्य थांबले तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती.

त्या दिवसांत सगळ्यांपुढे एकच प्रश्न होता, त्या रात्री वाडीत कोण होते? कोण कामाला बाहेर गेले होते, कोण सोयऱ्यांकडे होते, कोणती मुले आश्रमशाळेत होती? वाडीतून वाचलेल्यांनाच ते सांगता येत होते. माणूस यादीत असणे आणि कुणाच्या तरी आठवणीत असणे किती मोलाचे असते, हे मला तेव्हा कळले. आपल्या वहीतल्या कोऱ्या जागांकडे मी त्यानंतर वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

उरलेली नावे

अकरांपैकी सहा जणांचा पत्ता लागला. जवळच्या मित्रांकडून त्यातला एकही मिळाला नाही. दोघींचा पत्ता बांगड्या भरायला गावोगाव हिंडणाऱ्या कासारणीने दिला. सासरच्या गावांची इतकी बिनचूक वही कुठल्या कचेरीतही नसेल. एकीचा निवृत्त पोस्टमनकाकांनी सांगितला. वाडीतला एक मित्र पेणच्या बाजूला भट्टीवर असल्याचे एका टेम्पोवाल्याकडून कळले. मी जाऊन भेटलो. त्याने आधी ओळखले नाही, मग हजेरीपटावरचा स्वतःचा क्रमांक न चुकता सांगितला. दुसऱ्याला जाऊन नऊ वर्षे झाली होती, आणि आपल्यापैकी कुणालाही ते माहीत नव्हते.

सहावी ती. बदलापूरला असते. तिच्या भावजयीच्या शेजारणीकडून नंबर मिळाला. लग्नानंतर तिने शिवणकाम केले, दोन मुलींना शिकवले, आता थोरली बँकेत आहे. मी तिला १९८६ च्या त्या जागेची गोष्ट सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तेव्हा सांगितलं असतंस, तर वडिलांनी पाठवलं असतं की नाही, कोण जाणे. पण विचारायला तरी मिळालं असतं.”

मित्रमैत्रिणींनो, आज आपला एक ग्रुप आहे. सकाळी शुभेच्छा येतात, वाढदिवस साजरे होतात. ते चांगलेच आहे. पण आपल्यापैकी कुणी कारखान्यात आहे, कुणी रेल्वेत, कुणी रुग्णालयात, कुणी पतपेढीत, कुणाचे स्वतःचे वर्कशॉप आहे. सावरोली-खारपाडा रस्त्यावर, आपल्या कुंभिवलीच्या दारात, कारखाने उभे आहेत. शाळेत आज दहावीला बसलेल्या मुलामुलींना यातल्या एकाही दाराच्या आतला माणूस ठाऊक नसेल, तर आपल्या मेळाव्याचा उपयोग काय? वशिला लावा असे मी म्हणत नाही. वशिल्यात दुसऱ्याचा हक्क जातो. पण जागा निघाली आहे, अर्जाची मुदत अमुक आहे, या शिक्षणाला ही शिष्यवृत्ती आहे, एवढी खबर देण्यात कुणाचे काही जात नाही. फक्त ती आपल्याच माणसांपुरती न ठेवता वर्गाच्या फळ्यावर लिहायची.

म्हणून समितीपुढे माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आपले काम आणि फोन नंबर शाळेकडे द्यावा, आणि ज्याला त्या कामाबद्दल विचारायचे असेल त्याच्यासाठी महिन्यातून एक तास ठेवावा. दुसरी, ही यादी मुलींपर्यंत आणि वाडीवरच्या मुलांपर्यंत आधी पोहोचावी, कारण बाकीच्यांना ती कुठून ना कुठून मिळतेच. तिसरी, दिवाळीनंतर ज्या मुलांचे बाक रिकामे होतात त्यांची नावे गुरुजींनी आम्हाला कळवावीत. वसतिगृहाची सोय, खावटीची मदत, जे लागेल ते पाहता येईल. भट्टीवर गेल्यानंतर कळून उपयोग नाही.

आणि शेवटी मूळ काम. अजून पाच नावे कोरी आहेत, तीन मुलींची आणि वाडीतल्या दोन मुलांची.  ही नावे मेळाव्याच्या दिवशी प्रवेशद्वाराजवळच्या फळ्यावर लिहिलेली असतील. आत जाण्यापूर्वी ती वाचा. तुम्हाला त्यांच्यापैकी कुणी माहीत नसेल, तर तुमच्या सासुरवाडीला, कामावर, गाडीत रोज नमस्कार करणाऱ्या माणसाला विचारून पाहा. बहुधा तिथूनच पत्ता लागेल.